वजनाची वही

मराठीत 'वजन' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. माणसाचे समाजात वजन असते आणि प्रसंगी तो ते खर्च करतो. एखाद्याच्या शब्दाला वजन असते. सरकारी कचेरीतला कागद पुढे सरकावा म्हणून त्याच्यावर जे वजन ठेवावे लागते, ते कोणते हे सांगण्याची गरज नाही. ह्या सर्व अर्थांशी माझा उपजीविकेपुरता कधी संबंध आला नाही. माझा संबंध आला तो किलोग्रॅमशी. १९७८ पासून सव्वीस वर्षे मी मद्रासजवळच्या आवडी ह्या गावी एका सरकारी आस्थापनेत नोकरी केली, आणि त्यातला बहुतेक काळ माझ्या टेबलावर जाड पुठ्ठ्याची एक वही असे. 'आवडीहून' असे लिहिलेली माझी पत्रे वाचून माझ्या एका वृद्ध आत्याचा पुष्कळ दिवस असा समज होता की मुलगा मनाजोगत्या ठिकाणी स्थिरावला आहे आणि ते गावाचे नाव नसून मजकुराचा भाग आहे. दोन्ही गोष्टी एका अर्थी खऱ्या होत्या.

त्या वहीत रणगाड्याच्या एकेका भागाचे नाव, त्याचे वजन आणि रणगाड्याच्या गुरुत्वमध्यापासून त्याचे अंतर नोंदलेले असे. जुन्या रणगाड्यावर एखादी नवी वस्तू बसवायची असे ठरले की तिचा कागद माझ्याकडे येई. ती वस्तू किती उपयोगी आहे, हे मला कोणी विचारीत नसे. तिचे वजन किती, ती कुठे बसणार, आणि तिच्या बदल्यात काय काढता येईल, एवढेच माझे काम. ह्या कामाला आम्ही आपसांत 'वजनाचे अंदाजपत्रक' म्हणत असू. पलीकडच्या खोलीत रुपयांचे अंदाजपत्रक तयार होई. मधली भिंत पातळ होती, आणि दोन्ही खोल्यांतली माणसे एकमेकांवर रागावलेली असत. त्या रागाचे कारण समजायला मला काही वर्षे लागली, आणि ते समजल्यावर जुन्या रणगाड्यांचा सारा प्रश्नच समजल्यासारखे वाटले.

एक साधा हिशेब आधी सांगतो. पोलादाच्या एक चौरस मीटर पत्र्याची जाडी एक सेंटिमीटरने वाढवली की वजन ७८.५ किलोंनी वाढते. साधारणपणे एका धडधाकट माणसाचे वजन तेवढेच. म्हणजे चिलखताचा प्रत्येक चौरस मीटर बोटभर जाड करताना आपण त्या रणगाड्यावर आणखी एक माणूस बसवत असतो, आणि हा माणूस लढत नाही, खाली उतरत नाही, चिखलात धक्का मारत नाही. बुरुजाचे कपाळ, त्याच्या दोन्ही बाजू, चालकासमोरचा उतरता पत्रा असे करीत गेले की अशा मुक्या माणसांची पलटण होते. ती वाहून नेणारे इंजिन मात्र तेच राहते.

अवजड शस्त्राचे हे दुखणे आजचे नाही. मी मूळचा नगरचा. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र तिथे असल्याने आमच्या लहानपणी रस्त्यावरून रणगाडा जाणे ही बैलगाडी जाण्याइतकीच नित्याची गोष्ट होती. पण त्याच्याही चारशे वर्षे आधी, १५४९ साली, निजामशाहीच्या काळात ह्याच नगरमध्ये मुहम्मद बिन हुसेन रूमी ह्याने 'मलिक-ए-मैदान' ही तोफ ओतली. वजन सुमारे ५५ टन. ती पुढे परांड्याला गेली आणि १६३२ साली तिथून विजापूरला. ती ओढायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. रणांगणाचा राजा असे नाव मिरवणारी ही तोफ अखेर एका बुरुजावर चढून बसली ती बसलीच. इंग्रजी अमदानीत तिचा लिलाव झाला, दीडशे रुपयांची बोली आली आणि तो व्यवहार रद्द करण्यात आला, अशीही कथा आहे. रुपयांच्या खोलीतल्या माणसांना ही कथा मी अनेकदा ऐकवली. त्यांना ती माझ्या अपेक्षेपेक्षा अधिक आवडत असे.

माझ्या वहीची पहिली पाने विजयंताची होती. १९६१ साली ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीशी करार होऊन १९६५ पासून हा रणगाडा सैन्यात येऊ लागला, आणि पुढे आवडीच्या कारखान्यातून तो दोन हजारांच्या वर संख्येने बाहेर पडला. त्याच्या रचनेमागचा विचार मला आजही प्रामाणिक वाटतो. सेंचुरियनच्या पुढच्या आवृत्त्यांवर असलेली १०५ मिलिमीटरची तोफ द्यायची, पण सेंचुरियनचे पन्नास टनांवरचे धूड नको. गाडी ३९ टनांत बसली पाहिजे. मग हे दहाबारा टन कुठून काढायचे? ते चिलखतातून काढले. सेंचुरियनच्या बुरुजाच्या कपाळाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास पोलाद होते, विजयंताचे जास्तीत जास्त चिलखत ८० मिलिमीटर. गरीब देशाने हत्यार मोठे घेतले आणि अंगरखा पातळ शिवला. त्यात फसवणूक नव्हती. कोणती जोखीम पत्करली आहे, हे आराखडा करणाऱ्यांना ठाऊक होते.

मात्र त्याचे लेलंड इंजिन, जे ब्रिटिशांच्या चीफटन रणगाड्यातही त्रासदायक ठरले, ते आपल्या उन्हात आणि धुळीत अधिकच कुरकुरत असे. म्हणून १९८० च्या दशकात विजयंताच्या कायाकल्पाचा बेत निघाला. टी-७२ च्या जातीचे डिझेल इंजिन, नवी नेमसाधनयंत्रणा, आणि 'कांचन' चिलखत. हे नाव सोन्यावरून आले नाही. हैदराबादेत धातुसंशोधनाची जी प्रयोगशाळा आहे तिच्या कांचनबाग ह्या वसाहतीवरून ते पडले. रुपयांच्या खोलीत मात्र त्याचा सोन्याशी असलेला संबंधच अधिक लक्षात घेतला गेला असावा. 'बायसन' ह्या नावाचा तो बेत अखेर खर्चापायी सोडून देण्यात आला. विजयंता हळूहळू निवृत्त झाला. त्याच्या धडावर १३० मिलिमीटरची रशियन तोफ चढवून 'कॅटपल्ट' झाली, 'कार्तिक' हा पूल टाकणारा वाहक झाला. उरलेले कित्येक आज छावण्यांच्या दारांत आणि चौकांत चुना फासलेल्या चौथऱ्यांवर उभे आहेत.

ह्याच्या तुलनेत टी-५५ चे भाग्य साधे आणि चांगले निघाले. त्याची १०० मिलिमीटरची मूळची तोफ काढून १०५ मिलिमीटरची बसवली गेली. त्यामुळे विजयंताचा आणि त्याचा दारूगोळा एक झाला. ह्या कामाला 'गुलमोहर' असे नाव होते. भांडारातल्या दोन प्रकारच्या गोळ्यांच्या जागी एकच प्रकार आला, ह्यात केवढी बचत आहे, हे सैन्याचे भांडार न पाहिलेल्या माणसाला सांगून पटायचे नाही. माझ्या मते त्या काळातली ही सर्वांत शहाणी सुधारणा होती. तिच्यावर कोणी लेख लिहिला नाही.

पण माझ्या वहीची सर्वांत जास्त पाने टी-७२ ने खाल्ली. आपल्याकडे त्याला 'अजेय' म्हणतात. वजन ४१.५ टन, इंजिन ७८० अश्वशक्तीचे, तोफ १२५ मिलिमीटरची, आणि माणसे तीनच. कारण गोळा भरण्याचे काम यंत्र करते. ४१.५ टनांत एवढी मोठी तोफ बसवायची तर गाडी ठेंगणी आणि आत अगदी चिंचोळी करावी लागते. रशियन आराखड्याचे हे कौशल्य मी नेहमीच मानीत आलो. घरात एक इंच जागा रिकामी नाही, म्हणून घर छोटे, म्हणून भिंती कमी लांबीच्या, म्हणून त्याच वजनात त्या जाड. पण अशा घरात नवे सामान ठेवायचे कुठे? बुरुजाच्या तळाशी फिरत्या चकतीत २२ गोळे आडवे ठेवलेले असतात, उरलेले मिळेल त्या कोपऱ्यात, आणि त्यांच्यावर, त्यांच्या शेजारी माणसे. १९९१ च्या आखाती युद्धात आणि पुढे २०२२ पासून युक्रेनमध्ये, आतला दारूगोळा पेटून टी-७२ चे बुरूज उडून पडल्याची छायाचित्रे जगाने पाहिली. सुधारणेच्या कार्यक्रमाची मर्यादा तिथे उघडी पडते. बाहेरून जे बोल्टांनी बसवता येते तेच बदलता येते. माणूस कुठे बसेल आणि गोळा कुठे असेल, हे ज्या दिवशी पहिली रेघ मारली गेली त्या दिवशीच ठरून गेलेले असते. ते बदलायचे म्हणजे नवा रणगाडाच करायचा.

१९९० च्या दशकात टी-७२ च्या सुधारणेचा विचार जोरात सुरू झाला तेव्हा दोन गोष्टी एकदम घडून गेल्या होत्या. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघ राहिला नाही. ज्या देशाकडून सुटे भाग रुपयांत मिळत तो देशच नकाशावरून गेला. अशा वेळी दोन हजारांवर रणगाडे सुधारायचे. यादी लांबलचक होती: स्फोटक चिलखत, रात्री पाहण्याची उष्णतादर्शक दुर्बीण, अधिक ताकदीचे इंजिन, नवे रेडिओ, आग विझवण्याची यंत्रणा, दिशादर्शक उपकरण. ह्या कार्यक्रमाला 'ऱ्हायनो', म्हणजे गेंडा, असे नाव मिळाले. नाव देणाऱ्याच्या मनात गेंड्याची कातडी असणार. गेंड्याला फार अंधुक दिसते, हे बहुधा त्याच्या मनात नसावे.

इथेच त्या दोन खोल्यांतल्या रागाचे कारण आहे. जे स्वस्त असते ते जड असते, आणि जे हलके असते ते महाग. पोलादाच्या आणि स्फोटकांच्या पेट्या आपल्याकडे तयार होतात, त्यांना परकीय चलन लागत नाही. पण त्यांचा पूर्ण साज चढवला की एक ते दीड टन वजन वाढते. उलट उष्णतादर्शक दुर्बीण वजनाने किरकोळ, माझ्या वहीत तिला एक ओळ पुरे; पण तिच्या किमतीने पलीकडच्या खोलीतले दिवे मालवत. म्हणजे मी ज्या वस्तूला आनंदाने होकार देई ती ते नाकारीत, आणि ते जी हसत मंजूर करीत तिने माझी वही फाटायला येई. दोन्ही अंदाजपत्रकांना एकाच वेळी मान्य होईल अशी वस्तू शोधणे, हेच खरे काम होते. अशा वस्तू थोड्याच असतात.

स्फोटक चिलखताची कल्पना चमत्कारिक पण साधी आहे. दोन पत्र्यांच्या मध्ये स्फोटकाचा थर असलेल्या लहान पेट्या चिलखतावर बसवतात. सैनिक त्यांना विटाच म्हणतात. रणगाडाभेदी क्षेपणास्त्रातून निघालेली धातूची अतिवेगवान धार विटेवर आदळली की स्फोट होतो, पत्रे उडतात आणि ती धार मोडते. वीट एकदाच उपयोगी पडते. ह्या विटा बुरुजाच्या कपाळावर आणि गाडीच्या पुढच्या अंगावर बसतात, आणि तिथून पुढे माझ्या वहीत एकाला एक लागून नोंदी सुरू होत. गुरुत्वमध्य पुढे सरकतो. पुढच्या चाकांच्या टॉर्शन बारवर, म्हणजे पीळ सोसून गाडी तोलणाऱ्या पोलादी दांड्यांवर, ताण वाढतो. त्या चाकांचे रबर लवकर झिजते. उतारावर गाडी तिरकी उभी असताना बुरूज फिरवणारी यंत्रणा धापा टाकते. ब्रेक तापतात. टनामागे १८.८ अश्वशक्ती होती ती १८ च्या जवळ येते. हे आकडे कागदावर निरुपद्रवी दिसतात. पण वाळूच्या टेकाडावर चढणारी गाडी माथ्याजवळ रेंगाळली तर त्या क्षणी तिचा पातळ पोटाचा भाग समोरच्याला दिसत असतो, आणि ते रेंगाळणे ह्या दशांश चिन्हाच्या मागे असते.

डोळ्याची गोष्ट वेगळी. टी-७२ च्या मूळच्या आवृत्तीत रात्री पाहण्यासाठी तोफेशेजारी अवरक्त प्रकाशाचा दिवा होता. त्याच्या उजेडात हजार मीटरच्या आसपासपर्यंत दिसे. तो उजेड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण समोरच्याकडे तशीच दुर्बीण असेल तर त्याला तो कंदिलासारखा दिसतो. म्हणजे पाहण्यासाठी आधी स्वतःला दाखवावे लागे. उष्णतादर्शक दुर्बिणीला दिवा लागत नाही. माणसाच्या, इंजिनाच्या, नुकत्याच थांबलेल्या चाकांच्या उबेवर ती पाहते, आणि कितीतरी लांबचे पाहते. एका बैठकीत प्रश्न असा आला की सगळ्या रणगाड्यांना विटा द्याव्यात की थोड्यांना डोळे. माझे मत कोणी विचारले नव्हते, तरी ते मी सांगितले: आधी डोळे, मग पाय, मग कातडी. बैठकीतला एक तरुण अधिकारी शांतपणे म्हणाला, "पहिला गोळा आमचा असला, तरी दुसरा त्यांचा असतो. तेव्हा मला वीट हवी." त्याच्या बोलण्याला उत्तर नव्हते, कारण गोळा त्याच्यावर येणार होता. तरी माझे मत बदलले नाही. पुढे विटा बऱ्याच रणगाड्यांना मिळाल्या आणि डोळे आरंभी काहीशे रणगाड्यांनाच.

डोळा हलका असतो असे मी म्हटले, पण त्यातही मेख आहे. ही उपकरणे तापली की नीट चालत नाहीत, आणि राजस्थानच्या उन्हात बंद रणगाड्याचे पोट भट्टीसारखे होते. त्यांना गारवा हवा, गारव्याला वीज हवी, विजेसाठी मुख्य इंजिन चालू ठेवावे तर डिझेल जळते आणि आवाज होतो, म्हणून वेगळे छोटे जनित्र हवे. एका ओळीची दुर्बीण अशी अर्धे पान घेते.

वाळवंटातल्या चाचणीच्या वेळी मी एकदा एक रणगाडा पलटणीत जसा असतो तसाच, काही न उतरवता, काट्यावर घ्यायला लावला. वहीतल्या आणि काट्यावरच्या आकड्यांत जो फरक निघाला तो कुणालाच अनपेक्षित नव्हता. बुरुजाभोवती बिछाने, जाळी, ताडपत्री, पट्ट्यांच्या जादा कड्या, स्टोव्ह, ओढायचे दोर, मागे चिखलातून निघण्यासाठी बांधलेला ओंडका. आणि पाण्याचे डबे, तारेने आवळून बांधलेले. त्या रणगाड्याचा तोफची एक दफेदार होता, सातारकडचा. मराठी बोलणारे कोणी भेटल्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. वहीत डोकावून त्याने विचारले,

"साहेब, आमी तिघं ह्यात किती किलोचे?"

मी आकडा दाखवला. तो समाधानाने हसला. "बराय. पोटभर जेवल्यावरचं वजन धरलंय." मग त्याचे बोट खालच्या ओळीवर गेले. "आणि हे पाणी कुठल्या गावच्या उन्हाळ्याचं हो?"

पाण्याचा तो आकडा ज्या तक्त्यावरून आमच्याकडे आला होता तो तक्ता थंड प्रदेशातला होता. "दफेदार, तुम्हांला आणखी किती लागेल?" असे मी विचारले. त्याने दोन बोटे दाखवली. दोन डबे, भरलेले, सुमारे ४० किलो. अर्ध्या सेंटिमीटर पोलादाचा एक चौरस मीटर. त्या दोन डब्यांसाठी बुरुजाच्या मागे एक साधी चौकट बसवावी, असा प्रस्ताव मी पाठवला. वरून उत्तर आले की वजनाची मर्यादा आधीच ओलांडली असल्याने नवी भर मान्य करता येत नाही. उत्तर नियमाला धरून होते. ती चौकट वहीत कधी आली नाही. डबे मात्र तारेने बांधलेले, होते तिथेच राहिले.

युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी वरून येणाऱ्या लहान ड्रोनांपासून बचावासाठी बुरुजांवर लोखंडी गजांचे आणि जाळ्यांचे पिंजरे वेल्डिंग करून चढवले, तेव्हा मला त्या तारेची आठवण झाली. आराखड्यातली माणसे वजन काढतात आणि लढणारी माणसे ते परत चढवतात. दोघेही आपापल्या जागी समंजस असतात.

इतरांनी काय केले? इस्रायलने जुन्या सेंचुरियनमधले पेट्रोलचे इंजिन काढून अमेरिकन डिझेल बसवले आणि १०५ मिलिमीटरची तोफ दिली. १९७३ साली गोलनच्या पठारावर हे सुधारलेले रणगाडे बाजू राखून राहिले. त्यांनी पाय आणि हात बदलले, कातडी तीच ठेवली. पाकिस्तानने चिनी टाइप-५९ चा 'अल-झरार' केला: ५२० अश्वशक्तीच्या जागी ७३०, शंभर मिलिमीटरच्या तोफेच्या जागी १२५, आणि वजन ३६ टनांवरून ४० वर. चार टनांत एवढे बसवणे ही चांगली कारागिरी आहे, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

वजन जमिनीलाही विचारून घ्यावे लागते. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर इथे पाकिस्तानचे पॅटन आले, ते आपल्या सेंचुरियनांपेक्षा आणि दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मनांपेक्षा आधुनिक होते. आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडले. उसात आणि चिखलात ते रुतले आणि तिथेच त्यांची शिकार झाली. त्याच्या उलट गोष्ट झोजीलाची. १९४८ साली ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूहून श्रीनगरकडे न्यायचे होते, आणि वाटेतले पूल त्यांना पेलणारे नव्हते. तेव्हा बुरूज उतरवून ठेवले, धडे आणि बुरूज वेगळे नेले, पुढे पुन्हा जोडले, आणि १ नोव्हेंबर रोजी साडेअकरा हजार फुटांच्या खिंडीत शत्रूला ज्याची कल्पनाही नव्हती ते त्याच्यासमोर उभे केले. वजनाच्या अंदाजपत्रकाचा इतका निर्भय उपयोग मी दुसरा ऐकलेला नाही.

मर्यादा सैल सोडली तर काय होते, ह्याचे उदाहरण घरचेच आहे. १९७४ साली साडेपंधरा कोटींच्या मंजुरीने सुरू झालेला अर्जुन सैन्यात आला तो ५८.५ टनांचा होऊन, आणि २०२१ साली ज्या ११८ गाड्यांची मागणी नोंदवली गेली त्या त्याच्या नव्या आवृत्तीचे वजन ६८ टनांच्या घरात आहे. किंमत सात हजार पाचशे कोटींच्या वर. तो वाईट रणगाडा आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्या तोफेचे आणि झोक्यांचे कौतुक ज्यांनी तो चालवला त्यांच्याकडून मी ऐकले आहे. पण पंजाबातला प्रत्येक पूल आणि रेल्वेचा प्रत्येक सपाट डबा त्याच्याकडे साशंक नजरेने पाहतो. २०२० मध्ये लडाखमध्ये ताण वाढला तेव्हा विरळ हवेत इंजिने दमली आणि पुन्हा हलक्या गाडीची आठवण झाली. जुलै २०२४ मध्ये २५ टनांच्या 'जोरावर'चे पहिले रूप दाखवण्यात आले. १९६२ साली विमानातून चुशुलला नेलेल्या एएमएक्स-१३ रणगाड्यांची पाने माझ्या वहीच्या आधीच्या एका वहीत होती. ती कुणीतरी पुन्हा उघडली असतील.

आणि टी-७२ अजून आहे. त्याची जागा घेणाऱ्या नव्या रणगाड्याला सप्टेंबर २०२४ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली आहे. तो प्रत्यक्ष येईपर्यंत ह्याला काम करावे लागेल. ७ मार्च २०२५ रोजी त्याच्यासाठी १००० अश्वशक्तीची इंजिने घेण्याचा २४ कोटी ८० लाख डॉलरांचा करार रशियन कंपनीशी झाला, आणि ते तंत्रज्ञान आवडीच्या कारखान्याला मिळायचे आहे. ह्या इंजिनाचे कूळ मोठे आहे. १९४० च्या टी-३४ मध्ये ५०० अश्वशक्ती देणारे बारा नळकांड्यांचे, जवळजवळ ३९ लिटरांचे जे डिझेल इंजिन होते, त्याचेच हे वंशज. ७८० चे इंजिनही त्याच घराण्यातले. नळकांड्यांचे आकारमान जवळपास तेच राहिले आणि ताकद दुप्पट झाली. एका इंजिनाला पंचाऐंशी वर्षे सुधारीत राहणे हा ह्या विषयातला सर्वांत चांगला धडा आहे, आणि तो रणगाडा बांधणाऱ्यांपेक्षा इंजिन बांधणाऱ्यांना आधी समजला.

४३ टनांच्या गाडीला १००० अश्वशक्ती म्हणजे टनामागे २३. माझ्या वहीत हा आकडा मला कधी लिहायला मिळाला नाही. पण वाढलेल्या ताकदीबरोबर उष्णता वाढते, तिला मोठा रेडिएटर आणि पंखा लागतो, दोन्ही बाजूंच्या गिअरपेट्यांना जादा ओढ सोसावी लागते, डिझेल अधिक लागते. आणि हे सारे जुळले की पहिल्या वर्षातच वरून विचारणा येईल की एवढी अश्वशक्ती मिळाली आहे, तर आणखी किती टन चिलखत चढवता येईल. त्या टेबलावर आता एक मुलगी बसते. वही गेली आहे, संगणक आहे. मी तिला पत्र लिहून इतकेच कळवले आहे की हिशेब करताना बुरुजाच्या मागे ४० किलो बाजूला ठेवावेत, पाण्याच्या दोन डब्यांच्या चौकटीसाठी, आणि ती ओळ कोणी खोडू लागले तर डबे कसे बांधलेले असतात ते त्याला काट्यावर नेऊन दाखवावे.